बिरूआप्पाच्या ड्रिल मशीनचा जबडा

वेळापूर मागं टाकून नातेपुत्याच्या वाटेला लागलं, की उजव्या अंगाला एक माळ लागतो. कुसळं, दगड आणि वारा, एवढंच त्याचं धन. पण त्या वाऱ्यात लोखंडाला भोक पडतानाचा एक बारीक, लांबट सूर मिसळलेला असायचा. रस्त्यानं मेंढरं हाकणारा माणूस तो ऐकून म्हणायचा, बिरूआप्पा कामाला बसलाय. मधे एका श्रावणात तो सूर बंद पडला. पाच महिने माळावर नुसता वारा होता. ही त्या पाच महिन्यांची आणि त्यानंतरच्या एका सकाळची गोष्ट.

बिरुदेव हे त्याचं कागदावरचं नाव. तो जन्मला तो वाघरीच्या शेजारी. रात्री मेंढरांभोवती जाळीचं कुंपण उभं करतात, ती वाघर. तिला आधार मेखांचा. आमचा माळ वर मऊ दिसतो आणि वीतभर खाली कातळ असतो. बापाच्या लाकडी मेखा त्या कातळात मोडायच्या, जाळी खाली यायची, मेंढरं पांगायची आणि बापाचा राग पोरावर निघायचा. चौदाव्या वर्षी बिरू वेळापुरात एका लोहाराच्या भात्याशी जाऊन बसला आणि लोखंडाची मेख करून घेऊनच उठला. डोक्याला भोक, भोकात दोरी. ती मेख कातळात गेली आणि मोडली नाही. त्या दिवसापासून तो मेंढरांचा कमी आणि लोखंडाचा जास्त झाला. आज आमच्या भागात ज्या वाघरी उभ्या राहतात, त्यातल्या कितीतरी त्याच्या मेखांवर उभ्या राहतात, आणि हे सांगताना आम्हाला मान खाली घालावी लागत नाही.

पुढं शेळ्यांच्या शेडची फाटकं आली. फाटकाला बिजागरी, बिजागरीला पट्टी, पट्टीला चार भोकं. त्यासाठी त्यानं सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून ड्रिल मशीन आणलं. कमरेएवढ्या चौथऱ्यावर बसणारं, लोखंडी खांबाचं, हिरवा रंग उडालेलं. मशीन आलं, पण त्याच्या टेबलावर जो व्हाईस असतो, कामाचं लोखंड दोन जबड्यांत घट्ट पकडणारा, तो आला नाही. तो आधीच दुसऱ्या कुणी नेला होता. बिरूआप्पाला त्याचं काही वाटलं नाही. मेंढी कातरताना तिला खोड्यात घालतात काय? हातानं धरतात. डावा हात मानेवर, गुडघा बरगडीला, आणि मेंढी गप पडते, कारण तिला हात कळतो. लोखंडालाही हात कळतो, असं तो म्हणायचा. अठरा वर्षं त्यानं पट्टी डाव्या हातानं दाबून धरली आणि उजव्या हातानं ड्रिल खाली ओढलं. अठरा वर्षं लोखंडाला हात कळला.

श्रावणात एका दुपारी कळला नाही. ड्रिल पट्टीतून आरपार निघायला येतं तो क्षण वाईट. शेवटचा पापुद्रा फाटतो आणि ड्रिलची धार त्यात अडकते. पट्टी हातातून निसटली आणि पंख्याच्या पात्यासारखी फिरली. एकदाच फिरली. डॉक्टरांनी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाचवलं, पण ती दोन्ही वाकायचं विसरली. घरी आल्यावर बिरूआप्पानं मशीनवर पोतं टाकलं, सुतळीनं बांधलं आणि त्याच्याकडं पाठ करून बसायला लागला.

त्याची बायको तानाबाई. तिचे हात आमच्या गावात ठाऊक आहेत. ती चातीवर लोकर कातते. चाती हवेत गरगरत असते, तानाबाई कुणाशी तरी बोलत असते, आणि बोटांतून धागा असा सुटतो की तो तिचा नसून मेंढीच्या अंगातूनच तसा येत असावा. तिच्या सुताचं घोंगडं उन्हाला धरलं तर त्यात एक गाठ सापडत नाही. दिवाळी झाली, थंडी सरत आली, फाटकं सांगायला आलेली माणसं परत गेली, तेव्हा एका सकाळी चाती थांबवून ती म्हणाली,

"अवो, मी चालवू का ते?"

"काय?"

"तुमचं मशीन. अठरा वर्सं बगतीया. पट्टी ठिवायची, दांडा वडायचा. त्यात काय हाय?"

बिरूआप्पानं तिच्या हातांकडं पाहिलं. मग स्वतःच्या डाव्या हाताकडं. "न्हाय," तो म्हणाला.

"बाईमाणूस म्हून?"

"तुजी बोटं गेली तर सूत कोन काढंल? मी?" त्यानं न वाकणारी दोन बोटं वर केली. "ह्यास्नी चाती धराया येती का बग."

ती हसली नाही. "मग पाठ करून किती दिस बसायचं ठरिवलंय?"

तो उठून दावणीकडं गेला. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाला, "लोखंडाला लोखंडानं धरल्याबिगर त्या मशीनला तुजा हात लागायचा न्हाय. आदी व्हाईस आनतो. चांगला मिळाला तर तू चालिव. न्हाय मिळाला तर मशीन इकून टाकतो, मग इषय काढायचा न्हाय."

"बरं," तानाबाई म्हणाली. तिला एवढंच हवं होतं.

सोलापूर आमच्यापासून यष्टीनं तीन तास. रिकाम्या हातानं जाऊन अंदाजानं आणायची वस्तू ही नव्हे. टेबलाला चार लांबट खाचा आहेत, बोल्ट त्यांतूनच खालून वर येणार. व्हाईसच्या बैठकीला दोन कान असतात, त्या कानांतल्या खाचा टेबलाच्या खाचांवर आल्या पाहिजेत. बिरूआप्पा मनात मापं घोकत असताना तानाबाईनं पोतं सोडलं, टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि चुलीतला कोळसा आडवा धरून त्यावर घासला. कागदावर टेबल उमटलं. चारही खाचा पांढऱ्या, बाकी काळं.

"ह्ये न्या. वर ठिवून बगा, बसतोय का," ती म्हणाली.

राजेसाबचं दुकान सोलापुरात जुन्या अवजारांच्या ओळीत आहे. पाटी नाही. दारात गंजलेल्या पान्यांचा ढीग आणि ढिगामागं राजेसाब, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मराठी बोलता बोलता तो घरच्या बोलीत शिरतो आणि परत येतो, त्याचं त्यालाही कळत नाही.

"काय पायजे आप्पा?"

"व्हाईस. ड्रिलखाली बसवायचाय."

राजेसाबनं निळा, चकचकीत, नवा व्हाईस पुढं ठेवला. बिरूआप्पा उकिडवा बसला, जबडा उघडला, आत अंगठा घालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला.

"बकरा लेने आये क्या आप्पा? दात कायकू देखते?"

"दातावरनं वय कळतं की."

"इसका वय मी सांगतो. काल पैदा हुआ."

"म्हंजी दूधदाती हाय. कळपामागं चाललेला न्हाय अजून."

राजेसाबला ग्राहक आवडला. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जरा पुढं सरकला. बिरूआप्पानं जबड्यात एक लोखंडी पट्टी ठेवली, तिच्या खाली विडीच्या कट्ट्यावरचा कागद सरकवला आणि मूठ फिरवून आवळलं. मग कागद ओढला. तो सुळकन निघाला. आवळताना सरकता जबडा केसभर वर उठला होता आणि पट्टीला घेऊन उठला होता. वरनं ड्रिल दाबलं की अशी पट्टी खाली बसते, सैल होते, आणि सैल पट्टी काय करते ते त्याच्या बोटांना माहीत होतं.

"ह्यो न्हाय," तो म्हणाला.

असे आणखी तीन झाले. एकाचा स्क्रू खेळत होता. एकाचे जबडे एका बाजूला भेटत आणि दुसऱ्या बाजूला फट ठेवत. तिसरा सगळ्यात बरा, पण त्याच्या पोटाला भेगेचा डाग होता आणि त्यावर कुणीतरी रंग मारला होता. राजेसाबनं तोही उचलून मागं ठेवला. मग तो आत गेला आणि कोपऱ्यातल्या गोण्या बाजूला केल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा दोन्ही हातांत एक काळा, बसका, ठेंगणा व्हाईस होता.

"ये भारी है. चौदा किलो. म्हणून कोणी नेत नाही."

ह्याचे दात झिजलेले होते, पण दोन्हीकडचे सारखे. बिरूआप्पानं पट्टी ठेवली, कागद सरकवला, आवळलं. कागद ओढला तर कागद फाटला. अर्धा त्याच्या चिमटीत, अर्धा पट्टीखाली. त्यानं दुसऱ्या टोकाला तसंच केलं. तिथंही फाटला.

मग वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं गेलं. व्हाईस त्या कोळशाच्या टेबलावर ठेवला. एक कान बरोबर खाचेवर आला, दुसरा खाचेपासून नखभर बाहेर.

"कानशीनं थोडी खाच वाढवा. बिडाचं लोखंड आहे, मऊ लागेल," राजेसाब म्हणाला. मग त्याची नजर कागदावर गेली. "हे कुणी काढलं?"

"घरातल्यांनी."

"हुशार आहेत. मशीन कोण चालवणार?"

"त्याच."

राजेसाबनं बिरूआप्पाच्या डाव्या हाताकडं एकदा पाहिलं. त्यापुढं त्यानं थट्टा केली नाही. व्हाईस उलटा करून खालची बैठक दाखवली. "ध्यान में रखो आप्पा. ही बैठक आणि तुमचं टेबल, दोघांत हवा पण नक्को. इथं साफ असलं तर हा कधी दगा देणार नाही. आणि वाकडा निघाला तर परत आणा. मी हितंच आहे, मी कुटं जातो."

परतीच्या यष्टीत बिरूआप्पानं पोत्यात गुंडाळलेला व्हाईस मांडीवर घेतला. खाली ठेवला तर पायात येईल, वर ठेवला तर कुणाच्या डोक्यात. कंडक्टरनं पाहिलं.

"आप्पा, कोकरू हाय का? कोकराला तिकीट पडतं."

"हात लावून बगा."

कंडक्टरनं पोत्यावर हात ठेवला. "गार पडलंय की."

"झोपलंय. घरी गेल्यावर तोंड उगडंल."

शेजारची दोन माणसं हसली. बिरूआप्पाही हसला, आणि त्याच्या लक्षात आलं, की श्रावणानंतर आपण पहिल्यांदाच हसलो.

आमच्याकडं नवं अवजार पुजल्याशिवाय कामाला लावत नाहीत. कोयता असो, पंप असो, ट्रॅक्टर असो. दुसऱ्या दिवशी रविवार होता, खंडोबाचा वार. बिरूआप्पानं कानाची खाच कानशीनं वाढवली, टेबल पुसलं, व्हाईस वर ठेवला आणि बाजूला झाला. तानाबाईनं हळदकुंकू वाहिलं, भंडारा उधळला, कुंकवात भिजवलेल्या अक्षता दोन्ही हातांनी टाकल्या. नारळ फोडला आणि चार थेंब व्हाईसवर शिंपडले. ती हात जोडून उभी राहिली तेव्हा तिचे ओठ हलत होते. काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही. त्याला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी त्यानं व्हाईस पुढं-मागं सरकवून ड्रिलच्या बरोबर खाली आणला आणि बोल्ट घातले. पाना तानाबाईच्या हातात दिला, कारण डाव्या हातानं त्याला धरता येत नव्हतं. "आवळ. एकदम न्हाय. थोडं हिकडं, थोडं तिकडं." मग भंगारातल्या एका जाड तुकड्याला त्यानं स्वतः भोक पाडलं. भोकात सरळ सळई घातली आणि तिच्याशी गुण्या लावला. गुण्या म्हणजे काटकोनाची पट्टी. सळई आणि गुण्या खाली एकत्र होते आणि वर जाताना एकमेकांपासून दूर गेले.

त्यानं तुकडा फिरवून पुन्हा पाहिलं. पुन्हा भोक पाडलं. पुन्हा तसंच.

"वाकडा हाय," तो म्हणाला. आवाज चढला नाही, आणि तेच तानाबाईला वाईट लागलं. "गोड बोलून वाकडा दिला त्यानं. गोनीखालचा. म्हून तर कोन न्हेत न्हवतं."

"परत आना म्हनलाय न्हवं त्यो?"

"परत न्हेऊन दुसरा कुटं हाय? सगळे बगितले. माजंच चुकलं. मशीन इकू. ठरलंय तसं."

त्यानं बोल्ट सैल केले आणि पोतं शोधायला गेला. तानाबाई तिथंच उभी होती. तिनं व्हाईसच्या एका कोपऱ्यावर हात टेकला, सहज, जसा आपण दाराच्या चौकटीवर टेकतो. टक. दुसऱ्या कोपऱ्यावर टेकला. टक.

"अवो," ती म्हणाली, "ह्यो डुलतोय."

"वाकडा म्हनल्यावर डुलंलच."

"वाकडं पातेलं एगळं डुलतं आन चुलीवर खडा आला की एगळं डुलतं. ह्यो खड्यावानी डुलतोय. उचला बरं."

दोघांनी मिळून चौदा किलो उचलले आणि कडेला उलटं ठेवलं. बैठकीच्या एका कोपऱ्याला लाल लुकण चिकटलं होतं. नारळाच्या पाण्यात कुंकवाबरोबर कालवलेला भंडारा, वाळून टणक झालेला, आणि त्यात पाच-सहा तांदूळ, बोल्टच्या दाबानं चपटे झालेले. देवापुढं टाकलेल्या अक्षता कानाच्या खाचेतून खाली गेल्या होत्या, आणि व्हाईस सरकवताना त्यानंच त्या पोटाखाली ढकलल्या होत्या.

बिरूआप्पानं एक चपटा तांदूळ नखानं खरवडून काढला.

"तुजं तांदूळ," बिरूआप्पा म्हणाला.

"तुमीच सरकिवला की त्याच्यावर."

"त्या राजेसाबला मी काय काय बोललो."

"मनात बोलला असाल तर मनातच माफी मागा."

पण मनातल्या माफीवर त्याचं भागेना. त्यानं फोन काढला. "राजेसाब, मी वेळापूरचा. चौदा किलोवाला." आणि सगळं सांगितलं, शिवी सोडून.

"चावल कितने थे?"

"पाच-सहा."

"और डालते तो बिर्यानी होती," राजेसाब म्हणाला. "आता घासलेटनं पुसा. आणि आप्पा, पहिलं भोक पडलं की मला सांगा."

त्यांनी घासलेटनं पुसलं. टेबल पुसलं, बैठक पुसली, मग तानाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून टेबलाच्या चारही खाचा आतून पुसल्या. व्हाईस ठेवला. तिनं चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं हात टेकला. आवाज नाही. बोल्ट आवळले, थोडे इकडं, थोडे तिकडं. भोक पाडलं, सळई घातली, गुण्या लावला. दोन्ही एकमेकांना खालपासून वरपर्यंत चिकटून उभे राहिले. मधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

आता तिची पाळी होती. बिरूआप्पानं तिच्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या, पदर कमरेला खोचायला लावला. "उजवा हात दांड्यावर. डावा पाटीमागं. कायबी झालं तरी डावा फुडं आनायचा न्हाय. पट्टी पडूदे, मोडूदे, उडूदे."

"डावा पाटीमागं," ती म्हणाली, आणि शाळेतल्या मुलीसारखा तो हात मागं नेला.

पहिलं भोक पडलं. लोखंडाचा कीस वळत वळत वर आला, तिच्या लोकरीसारखा. दुसरं पडलं. तिसरं पडलं. बिरूआप्पा ड्रिलकडं बघत नव्हता, तो तिच्या पाठीमागच्या मुठीकडं बघत होता.

चौथ्या भोकाला, शेवटचा पापुद्रा फाटताना, ड्रिल अडकलं.

तो आवाज त्यानं एकदा ऐकला होता. दातावर दात आदळल्यासारखा. त्याचं अंग पुढं गेलं, पण पाय जागचे हलले नाहीत. मशीन कण्हलं. मोटारीचा पट्टा चाकावर घसरून किंचाळला, जळक्या रबराचा वास सुटला. आणि पट्टी जिथं होती तिथं होती. काळ्या जबड्यानं ती सोडली नाही, चौदा किलो जागचे तसूभर सरकले नाहीत. ड्रिल जबड्यातल्या लोखंडात अडकून उभंच राहिलं, तानाबाईनं दांडा सोडला आणि उजव्याच हातानं बटण दाबलं.

सगळं शांत झालं. बाहेर माळावर वारा होता, तो ऐकू आला.

बिरूआप्पा तिच्याजवळ गेला. तिचा डावा हात अजून पाठीमागंच होता, मूठ घट्ट मिटलेली. त्यानं ती मूठ हळू हळू उघडली, एकेक बोट सरळ केलं, वाकवलं, पुन्हा सरळ केलं. मग उजवा हात घेतला आणि त्याचीही पाचही बोटं तशीच पाहिली. तिनं त्याला पाहू दिलं.

"झालं का बगून?" ती म्हणाली.

छातीत श्रावणापासून एक मेख ठोकलेली होती, ती कुणीतरी हलवून हलवून उपटून काढावी तसं त्याला वाटलं. तो चौथऱ्याला टेकून बसला आणि त्यानं लांब श्वास सोडला. बाहेर दावणीची शेळी ओरडली तेव्हा तो भानावर आला.

"शेवटाला हात हलका ठिवायचा," तो म्हणाला. "ड्रिल भायेर पडाया आलं की दांडा सोडल्यागत धरायचा. ते सांगायचं ऱ्हायलं माजं."

"आता सांगितलंत की." तिनं ड्रिल धरून ठेवणारा चक उलटा फिरवून ड्रिल सोडवलं, पट्टी बाहेर काढून उजेडात धरली. चार भोकं, चारही सरळ. "दुसरी पट्टी द्या. फाटकं सांगाया लोकं परत याया लागतील."

त्यानं दुसरी पट्टी दिली. मग खाली पडलेलं पोतं उचललं, पाच महिने मशीनवर असलेलं आणि सोलापूरहून व्हाईस गुंडाळून आणलेलं. ते झटकून दारात वाळत घातलं.

"ते कशाला आता?" तानाबाईनं मान न वळवता विचारलं.

"शेंगा भराया लागंल," तो म्हणाला, आणि राजेसाबला फोन लावायला बाहेर गेला.

आता माळावरून जाताना तो सूर पुन्हा ऐकू येतो. फरक एवढाच, की शेवटाला तो जरा हळू होतो, श्वास धरून उभा राहतो आणि मग मोकळा सुटतो. त्या घरात खंडेनवमीला सगळी अवजारं पुजतात. व्हाईसलाही हळद लागते, कुंकू लागतं, पण ते फक्त वर, जबड्याला, बोटानं. अक्षता मात्र शेजारी वाटीत ठेवतात, आणि वाटीवर झाकण.